आठवण : शनिवारची लोहार चाळ फेरी

मैत्रिणींनो, शनिवारी सकाळी ११ला सीएसएमटीला मुख्य तिकीट खिडकीपाशी भेटायचं आहे. तिथून क्रॉफर्ड मार्केटवरून चालत लोहार चाळ, म्हणजे दिव्यांचा आणि विजेच्या सामानाचा बाजार. रविवारी बाजार बंद, म्हणून शनिवार. मुलीची शाळा १ला सुटते, त्यामुळे मला साडेबाराला निघावंच लागेल. उशीर करणाऱ्यांसाठी थांबणार नाही.

घरातल्या प्रकाशयोजनेचं काम मी सुरू केलंय हे बहुतेकींना माहीत आहे. "दिवे लावायला डिझायनर कशाला?" असं विचारणाऱ्यांनी आज रात्री ओट्यापाशी उभं राहून कांदा चिरावा. ट्यूबलाइट पाठीमागे असते, आपलीच सावली विळीवर पडते. वरच्या कपाटाखाली एलईडी पट्टी लावली की बोटं दिसतात! माझं पहिलं काम एवढंच होतं, शेजारच्या काकूंचं.

येताना ज्या खोलीबद्दल विचारायचंय तिचा फोटो आणि लांबी-रुंदी-उंची आणा. फोटो रात्रीचा, दिवे लावून. दुकानात वॅट (वीज किती खातो) विचारू नका, ल्युमेन (उजेड किती देतो) विचारा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: बैठकीच्या खोलीला २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर उबदार उजेड. ६५०० केल्विनचा पांढराफटक दिवा बेडरूममध्ये का लावतात, मला अजून कळलेलं नाही.

स्वतःचा व्यवसाय काढू पाहणाऱ्यांनी आधार आणि पॅन जवळ ठेवा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, परतताना चहाला बसू तेव्हा दाखवते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मी दिले होते.

येणाऱ्यांनी उद्या रात्रीपर्यंत नाव कळवा.