आधी कर्ता शोध

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. इंग्रजी अर्जातल्या पहिल्याच ओळीत साहेबांनी 'आर'भोवती लाल गोल काढला आणि एक शब्द न बोलता कागद परत दिला, हे वाचून वाईट वाटलं. चूक दाखवली तर ती का चूक आहे, हेही सांगावं. नुसत्या गोलाने माणूस शिकत नाही, पुढच्या वेळी लिहायला घाबरतो एवढंच. आणि तू लिहिलंस की 'या वयात व्याकरण डोक्यात शिरायचं नाही'. ते मला अजिबात मान्य नाही. म्हणूनच आज सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसलोय.

तुझं वाक्य होतं, 'द लिस्ट ऑफ द मिसिंग फाइल्स आर अटॅच्ड.' तुझं म्हणणं, फायली अनेक आहेत, मग 'आर' का नको? अरे, अर्जाला जोडलंय काय ते बघ. फायली तर हरवल्यात, त्या कुठून जोडणार? जोडली आहे ती यादी, आणि यादी एकच आहे. म्हणून 'द लिस्ट इज अटॅच्ड'. मधलं 'ऑफ द मिसिंग फाइल्स' हे यादी कसली, एवढंच सांगायला आलंय.

आता हेच मराठीत म्हण. 'हरवलेल्या फायलींची यादी जोडली आहे.' फायली आधी येऊन गेल्या, 'यादी' शेवटी आली आणि क्रियापदाला अगदी खेटून बसली. शिवाय 'फायलींची' मधल्या 'ची'ने, पुढे काहीतरी स्त्रीलिंगी येतंय, याची वर्दी आधीच देऊन ठेवली. मराठीत मुख्य नाम मागून येतं, त्याचं वर्णन आधी. त्यामुळे अशा वाक्यांत क्रियापदाच्या शेजारी जे नाम असेल त्याच्याशी मेळ घालायची सवय आपल्या कानाला लागलेली असते, आणि मराठीत तिथे ती सहसा दगा देत नाही. इंग्रजीत बरोबर उलटं होतं. 'लिस्ट' आधी येते, मग 'ऑफ' लावून भलतंच अनेकवचन मध्ये येऊन बसतं आणि क्रियापदाला तेच जवळचं वाटतं. तुझा कान चुकला नाही रे, तो मराठीच्या वळणाने गेला.

आणि हे फक्त आपलंच होतं असंही नाही. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या दोघींनी 1991 साली इंग्रजी बोलणाऱ्या माणसांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. वाक्याची सुरुवात ऐकवायची आणि पुढचं पूर्ण करायला सांगायचं. 'कपाटांची किल्ली' अशा धर्तीचा, म्हणजे इंग्रजीत आधी किल्ली आणि मग कपाटं असा तुकडा आला की जन्मापासून इंग्रजी बोलणारेही मधूनच एकवचनी 'वॉज'च्या जागी अनेकवचनी 'वर' म्हणून जात. उलट मुख्य नाम अनेकवचनी आणि मधलं एकवचनी असेल, तर चुका कितीतरी कमी. म्हणजे पाय घसरतो तो मध्ये घुसलेल्या अनेकवचनाने. तेव्हा 'ऑफ', 'विथ', 'अलाँग विथ', 'अ‍ॅज वेल अ‍ॅज' यांच्यामागून येणारं नाम दिसलं की सावध हो. 'द मॅनेजर, अलाँग विथ हिज असिस्टंट्स, इज कमिंग.' असिस्टंट कितीही असोत, 'इज'च.

दुसरं म्हणजे तो 'एस'. नामाला लागला की अनेकवचन आणि क्रियापदाला लागला की एकवचन, हे शाळेत आपल्याला कुणी नीट समजावलंच नाही. 'मुलगा धावतो, मुलगे धावतात' यात दोन्हीकडे अनेकवचनाची खूण वाढते, म्हणून आपण सहज 'बॉईज रन्स' लिहून बसतो. इंग्रजीत 'द बॉय रन्स', 'द बॉईज रन'. अशा साध्या वाक्यात एकच 'एस' असतो आणि तो दोघांपैकी एकाकडेच राहतो.

हे सगळं अवघड वाटायला लागलं की आपल्या भाषेकडे बघ. तो आला, ती आली, ते आलं, ते आले, त्या आल्या. एवढ्या सगळ्यांना इंग्रजीत एकच 'केम'. भूतकाळात 'वॉज' आणि 'वर' सोडले तर इंग्रजी क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतच नाही. 'कॅन', 'विल', 'मस्ट' तर कधीच नाही. वर आपल्याकडे 'त्याने आंबा खाल्ला, त्याने पोळी खाल्ली', म्हणजे खाणाऱ्याला सोडून क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या मागे जातं. हा कर्मणी प्रयोग तू लहानपणापासून न चुकता करतोयस. मग इंग्रजीतला हा एवढासा मेळ तुला का जमू नये?

एक चूक मात्र खास आपली. आपण आदराने अनेकवचन वापरतो. बाबा आले, सर बसले आहेत. मग इंग्रजीतही मान द्यावासा वाटतो आणि 'सर आर इन द केबिन' असं तोंडून जातं. तिथे 'सर इज'च. त्यात अपमान काही नाही. गंमत अशी की इंग्रजीतही हा आदर एके काळी होता. 'दाऊ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही. पुढे 'दाऊ' रोजच्या बोलण्यातून गेला आणि सगळ्यांनाच 'यू' म्हणायला लागले. म्हणून समोर एकटा माणूस असला तरी 'यू आर', 'यू वर' असं अनेकवचनी क्रियापद येतं. मला ही गोष्ट फार आवडते. ती कळल्यापासून 'यू आर' पाठ करावं लागलं नाही.

'एव्हरीवन'लाही आपण 'सगळे' समजतो आणि 'एव्हरीवन हॅव' लिहितो. मनात 'प्रत्येक जण' म्हण, 'हॅज' आपोआप येईल. 'न्यूज' आणि 'मॅथेमॅटिक्स' एकवचनी, 'पोलीस' आणि 'सिझर्स' अनेकवचनी, हे पाठच करायचं. 'टेन किलोमीटर्स इज अ लाँग वे' यात अंतर एकच, म्हणून 'इज'. 'आयदर-ऑर' असेल तर क्रियापदाच्या जवळचा कर्ता धरतात. इथे तरी आपला मराठी कान कामी येतो!

'टीम इज' की 'टीम आर' हेही विचारलं होतंस. अमेरिकेत 'इज' लिहितात. ब्रिटनमध्ये गट म्हणून बघितलं तर 'इज', त्यातली माणसं डोळ्यांसमोर असतील तर 'आर'. दोन्ही बरोबर, फक्त एका पत्रात एकच रीत ठेव. अमेरिकेच्या नावाचंही असंच झालंय. गुलामगिरी बंद करणाऱ्या 1865 सालच्या तेराव्या घटनादुरुस्तीत 'युनायटेड स्टेट्स'साठी 'देअर' आहे, म्हणजे अनेकवचन. आज सगळे 'द युनायटेड स्टेट्स इज' म्हणतात.

आता तुझ्या नव्या मसुद्याकडे वळतो. दुसऱ्या परिच्छेदात 'वन ऑफ माय कलीग्ज हॅव रिझाइन्ड' आहे. मी वाचताना 'ऑफ'पासूनचा भाग बोटाने झाकतो. 'ऑफ माय कलीग्ज' झाक, काय उरलं? 'वन'. मग 'हॅज'. पण त्याच्याच खाली तू 'ही इज वन ऑफ दोज पीपल हू नेव्हर कम्प्लेन' लिहिलंयस, ते मात्र अगदी बरोबर आहे, त्याला हात लावू नकोस. तिथे 'हू' हा 'पीपल'चा आहे, 'वन'चा नाही. कधीही तक्रार न करणारी माणसं अनेक, त्यांतला हा एक. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, तरी नेमकं जमलं. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि खूप आनंद झाला.

तिसरा परिच्छेद मी मुद्दाम तपासलेला नाही. त्यात दोन 'ऑफ' आणि एक 'अलाँग विथ' आहे. बोट ठेवून बघ, काय बदलावंसं वाटतं आणि का, ते उलट टपाली कळव. अर्ज त्यानंतरच पाठव.

तुझा,
जुना बाकमित्र