मराठीचं नंतर बघू, असं ठरवू नका

प्रिय प्राजू,

तुमच्या टीमने ॲपमधलं मराठी पुढच्या व्हर्जनवर ढकललं असं तू परवा बोलता बोलता सांगितलंस आणि लगेच दुसरा विषय काढलास, फोनवर मला नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितेय. मेसेजमध्ये मावणार नाही एवढं आहे, डब्याच्या सुट्टीत वाच.

मला राग नाही आलेला, काळजी वाटली. आधी इंग्रजी नीट होऊ दे मग भाषांतर टाकू, हे ऐकायला बरोबर वाटतं, पण भाषांतर हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे गं, बटणांवरचे शब्द काय, कोणीही बसून करून देईल, मीसुद्धा देईन. अडतं ते खाली. डेटाबेसच्या कॉलममध्ये, नाव तपासणाऱ्या त्या एका ओळीत, सर्चमध्ये, सॉर्टिंगमध्ये. तिथे एकदा एक अक्षर म्हणजे एक खाना असं धरून बांधलं की मग वरून कितीही मराठी स्ट्रिंग टाका, लोकांची नावं तुटणारच आणि तोपर्यंत लाखभर लोकांचा डेटा त्यात जाऊन बसलेला असतो, मग तो कोण दुरुस्त करणार.

ज्ञानेश्वर हे नाव घे. डोळ्याला चार अक्षरं, ज्ञा, ने, श्व, र. पायथनमध्ये कोड लिहून लांबी विचार, ते दहा सांगेल, कारण ज, हलन्त, ञ, काना असं सगळं सुटं मोजतं. यूटीएफ आठ या साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीच्या अशा प्रत्येक सुट्या चिन्हाला, म्हणजे कोड पॉइंटला, तीन बाइट लागतात म्हणजे झाले तीस. आता कोणी कॉलम वीस बाइटचा ठेवला आणि लांब नाव आलं की कापून टाका असं लिहिलं तर माणूस ज्ञाने वर तुटतो, पुढे एक प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो आणि तेच कार्डावर छापून येतं. माझ्या सासूबाईंचं एका ठिकाणी असंच अर्धं नाव छापून आलेलं, ते बदलून घ्यायला प्रतिज्ञापत्र करावं लागलं, म्हाताऱ्या माणसाला रांगेत उभं राहावं लागलं आणि ते कुणाच्या तरी एका आकड्यामुळे. तो आकडा टाकणारा वाईट नव्हता, त्याने फक्त इंग्रजी नाव टाकून टेस्ट केलं होतं.

तूच मला पायथन शिकवलंस ना लॉकडाऊनमध्ये, तर त्यावरच हे करून बघ: मराठी हा शब्द घेऊन इझअल्फा, म्हणजे यात सगळी अक्षरंच आहेत का, असं विचार. फॉल्स येतं! का, तर काना आणि वेलांटी ही युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला नंबर देणाऱ्या तक्त्याच्या, हिशोबात अक्षरं नाहीतच, मार्क आहेत, त्यांची कॅटेगरी वेगळी. म्हणजे "नावात फक्त अक्षरं चालतील" असा साधासुधा नियम लिहिला की कमल हे नाव जातं पण सीता अडते. रेजेक्समध्ये, म्हणजे मजकूर तपासायच्या साच्यात, पी-एल म्हणजे अक्षरं घेतलीत तर पी-एम म्हणजे मार्कही घ्याच. आणि हल्ली तुम्ही हे सगळं एआयकडून लिहून घेता, माझा त्याला अजिबात विरोध नाही, मीसुद्धा घेते, पण मला तर त्याने नाव तपासायला चक्क ए ते झेड दिलेलं, मराठी नावं आहेत असं सांगितल्यावर मग बदललं. सांगितलंच नाही तर ते विचारत नाही. सांगणारं माणूस टीममध्ये हवं, आणि तुमच्या टीममध्ये ते माणूस तू आहेस.

आता अर्ध्या र चं. दऱ्या आणि दर्या. सह्याद्रीच्या दऱ्या कुठे आणि समुद्र कुठे. किंवा ते आपलं नेहमीचं, आचाऱ्यांना जेवण करायला सांगायचं आणि आचार्यांना नमस्कार करायचा. ही डोळ्यावरच्या पापणीसारखी रेघ युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने लिहिता येते, एक तर खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त, नाहीतर साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. दिसायला दोन्ही सारखंच. कुठला कीबोर्ड काय टाकतो ते वापरणाऱ्याला माहीतच नसतं. मग सर्चमध्ये शेतकऱ्यांना शोधलं की अर्धेच रिझल्ट येतात आणि कोणाला कळतही नाही की अर्धे राहिले. त्यात कोणीतरी हुशारीने "अदृश्य कचरा साफ करा" म्हणून सगळे झिरो विड्थ कॅरेक्टर उडवले की दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या सगळ्या दऱ्यांचा दर्या होतो, कायमचा. परत आणता येत नाही कारण माहितीच गेली. असल्या क्लीनअपच्या ओळी मी जुन्या कोडमध्ये पाहिल्यात, तुमच्यात आहेत का ते आजच शोध.

ॲ चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ व्हर्जनला. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवायचे नाहीतर हिंदीतला चंद्र असलेला ए वापरायचे, आणि अजूनही वापरतात, म्हणून ॲप हा एकच शब्द डेटामध्ये तीन प्रकारे सापडतो. नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका साच्यात आणणं, ते केलं की जुळेल असं वाटेल तुला, ऱ च्या बाबतीत नुक्त्याचा फरक त्याने जातो पण ॲ तसा फुटत नाही, ते तुम्हाला हाताने जुळवावं लागेल, सर्च इंडेक्स बनवतानाच. सॉर्टिंगचं फार लिहीत नाही, एवढंच की आपल्यात ळ हा ह च्या नंतर येतो आणि कोड पॉइंटच्या क्रमात तो ल ला चिकटून बसलाय, तेव्हा मराठीचं कोलेशन, म्हणजे क्रमाचे नियम, लावा, नुसत्या सॉर्टवर सोडू नका.

हे सगळं मला कुठून माहिती असं तुझे टीमवाले विचारतील, तर त्यांना सांग आईने आयुष्यभर डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, केलंय. नंतर बघू म्हटल्यावर काय होतं ते मी आमच्या धंद्यात पाहिलंय. मराठी कशी साठवायची हे ठरलेलं नव्हतं असं नाही. इस्की नावाचं भारतीय मानक होतं, १९८८ चं, मग १९९१ ला सुधारून आलं, आपल्या पुण्यात सी-डॅक त्यावर काम करत होती, आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी त्याच इस्कीवरून घेतली. पण छापखान्यांना कागदावर बरोबर उमटलं की बास होतं. म्हणून मग श्री-लिपी, आकृती, आणखी कितीतरी, प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा आणि प्रत्येक फॉन्टचं कोडिंग वेगळं. आत मराठी नव्हतीच, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर काना, मात्रा, अर्धा स, अर्धा त असे तुकडे बसवलेले. पहिली वेलांटी आधी टाइप करायची कारण ती डोळ्याला आधी दिसते, रफार मागून टाकायचा. युनिकोडमध्ये बरोबर उलटं, वेलांटी व्यंजनानंतर आणि रफाराचा र आधी. फाइल दुसरीकडे द्यायची तर सोबत फॉन्टही द्यायचा, नाहीतर समोरच्याला डॉलर आणि कंस दिसणार. पेजमेकरमध्ये शंभर पानी अंक लावायचा आणि त्यात एक शब्द शोधायचा म्हटला तर डोळ्यांनी शोधायचा.

विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आणि युनिकोडची देवनागरी आली, पण एक्सपीमध्येसुद्धा ती चालू करायला सीडी घालून वेगळं इन्स्टॉल करावं लागायचं, आणि पेजमेकरला तर युनिकोड कळायचंच नाही, तेव्हा प्रेसवाल्यांनी बदलायचं कारणच नव्हतं. त्यात वर्षं गेली. त्या काळातले दिवाळी अंक, गावोगावची साप्ताहिकं, स्मरणिका, शाळांच्या शताब्दीची पुस्तकं, सगळं टाइप झालेलं आहे, कोणीतरी बोटं झिजवून केलंय ते, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते मराठी नाही. काहींच्या फाइली उघडायला तो फॉन्ट नाही, काहींच्या फाइली आहेत पण सॉफ्टवेअर चालू करायला लागायचं ते डोंगल हरवलं. मी आता निवृत्तीनंतर जमेल तेवढे अंक कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणतेय, प्रत्येक फॉन्टला वेगळा तक्ता करावा लागतो आणि तरी जोडाक्षरं हाताने तपासावीच लागतात, डोळे दुखतात पण सोडवत नाही. एखादा जुना लेख सर्चमध्ये पहिल्यांदा सापडतो ना, तेव्हा मला खरंच फार बरं वाटतं.

एआयला मराठी कमी येतं म्हणून आपण ओरडतो, त्याला कारणं पुष्कळ असतील, पण त्याला वाचायला मिळणारी मराठी थोडी आणि जी लिहिली गेली त्यातली एवढी मोठी थोरली रास अशी कुलूपबंद, याचा संबंध आहेच असं मला वाटतं. आणि किंमतही बघ. जीपीटी-४ओ हे एआय मॉडेल आलं तेव्हा, मे २०२४ मध्ये, ओपनएआयने स्वतःच आकडे दिले होते की एकच ओळख करून देणारं वाक्य मराठीत आधी ९६ टोकन, म्हणजे एआय मजकुराचे पाडतं आणि ज्यांचे पैसे लागतात ते तुकडे, घ्यायचं ते त्यात ३३ घेतं. इंग्रजीत तेच २७ वरून २४ झालं. म्हणजे त्याआधी एपीआय वापरून, म्हणजे ते एआय आपल्या ॲपला जोडून, मराठीत काही बनवणारा माणूस त्याच वाक्याला इंग्रजीवाल्याच्या तिपटीपेक्षा जास्त मोजत होता. सुधारणा झाली हे चांगलंच, मला आनंद आहे, पण तेव्हाही ३३ आणि २४. एसएमएसचंही जुनंच आहे, इंग्रजी १६० अक्षरं एका मेसेजमध्ये मावतात आणि देवनागरी ७०, आणि त्या सत्तरमध्येही काना-मात्रा वेगळे मोजून.

मोठ्या कंपन्यांकडून हे होत नाही असं समजू नकोस. २०१८ च्या फेब्रुवारीत एका तेलुगू अक्षराने आयफोन कोलमडत होते, मेसेजमध्ये ते अक्षर आलं की ॲप बंद, ॲपलला आयओएस ११.२.६ काढावं लागलं. आणि ते अक्षर कुठलं माहितीये, तेलुगूतलं ज्ञा! फक्त त्यात मध्ये एक न दिसणारं कॅरेक्टर आलेलं. युनिकोडवाल्यांनीसुद्धा जोडाक्षर हे एकच अक्षर धरा, मधून तोडू नका हा नियम २०२३ मध्ये १५.१ व्हर्जनला घातला, म्हणून तुमची लायब्ररी जुनी असेल तर ती क्ष ला अजून दोन मोजेल आणि कर्सर मध्येच जाऊन बसेल. व्हर्जन बघून घे.

तर तुझ्या मॅनेजरला असं सांग की भाषांतर पुढच्या व्हर्जनला चालेल, पण मराठी नावं टाकून टेस्ट आत्ताच, याच स्प्रिंटमध्ये. तेवढ्याने रिलीज लांबणार नाही. पेजला भाषा मराठी अशी टॅग लावा म्हणजे ज्या फॉन्टमध्ये आपला ल आणि श आहे तो तसा दिसेल, हिंदीचा नाही. टेस्टसाठी मी नावांची आणि गावांची यादी करून ठेवलीय, सगळी जोडाक्षरं, दोन्ही प्रकारचे ऱ्य, तिन्ही प्रकारचे ॲ, आणि मुद्दाम लांब नावं घेतलीत. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे, आज रात्री मेल करते. त्यात एकेका ओळीपुढे काय दिसायला हवं तेही लिहिलंय म्हणजे ज्यांना मराठी येत नाही त्यांनाही तपासता येईल, तुझ्या त्या कोचीच्या मैत्रिणीला वाच म्हणावं, मल्याळममध्ये त्यांचंही असलंच काहीतरी असणार.

बिल्ड तयार झाला की मला लिंक पाठव. माझा अँड्रॉइड आहे, मावशीकडे आयफोन आहे, तिच्याकडे रविवारी जातेच आहे, दोन्हीवर टाइप करून बघते आणि काय तुटलं ते स्क्रीनशॉट काढून पाठवते.

तुझी,
आई