स्पर्धेसाठी खेळ निवडताना लिनक्सचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आता ऑनलाइन खेळांच्या स्पर्धाही होऊ लागल्या आहेत. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या कोल्हापुरातली मुले संगणकावरही संघ बांधून खेळतात, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच स्पर्धांच्या आयोजकांपुढे एक अडचण मांडावीशी वाटते.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्यामुळे अनेक घरांतले धडधाकट संगणक एकाएकी 'जुने' ठरले. माझ्या भाच्याने असाच संगणक, विंडोजऐवजी लिनक्स या मोफत संगणक प्रणालीची 'मिंट' ही आवृत्ती टाकून, वापरात ठेवला. डोटा २ आणि काउंटर-स्ट्राइक २ हे खेळ तर थेट लिनक्ससाठीही मिळतात. बाकीच्यांसाठी स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोटॉन निवडले, की विंडोजसाठी लिहिलेले बरेचसे खेळ चालतात. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन या जुन्या प्रकल्पाच्या पायावर, स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने २०१८ मध्ये आणलेले हे प्रोटॉन खेळाच्या ग्राफिक्सच्या आज्ञा वल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या ग्राफिक्स पद्धतीत बदलून देते. अर्थात ग्राफिक्स कार्डच वल्कनला साथ देत नसेल, तर बरेच खेळ अडतात.

मात्र भाच्याच्या संघाने एका स्पर्धेचे शुल्क भरले, प्राथमिक फेऱ्या घरूनच खेळायच्या होत्या, आणि ऐन सरावाच्या वेळी कळले की निवडलेला खेळ लिनक्सवर सुरूच होत नाही. याचे कारण त्या खेळातली फसवेगिरी पकडणारी यंत्रणा. व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, बसून काम करते, त्यामुळे तो खेळ लिनक्सवर चालत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या अशाच दुसऱ्या यंत्रणांनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी दार उघडले, पण ती सोय सुरू करणे खेळ बनवणाऱ्या कंपनीच्याच हाती असते. एपेक्स लेजेंड्स हा खेळ तर लिनक्सवर व्यवस्थित चालत होता. फसवणूक करणाऱ्यांचे कारण देऊन ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस तोही बंद करण्यात आला. फसवणुकीची चिंता खरी आहे, हे मी मान्य करतो. परंतु लबाडी करणाऱ्या काहींपायी प्रामाणिक खेळाडूंना सरसकट बाहेर ठेवणे मला न्याय्य वाटत नाही.

कंपन्यांचे धोरण आपण इथून बदलू शकणार नाही, पण खेळाची निवड तर आयोजकांच्याच हातात आहे. दोन्ही प्रणालींवर चालणारे खेळ घेता येतील. सुपरटक्सकार्टसारखा मोफत खेळ २०१९ च्या १.० आवृत्तीपासून नेटवर्कवर खेळता येतो, आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत इंटरनेटशिवाय, नुसत्या लॅनवरही (प्रयोगशाळेच्या आतल्या जोडणीवरही) त्याची शर्यत लावता येते. दुसरा खेळ घ्यायचाच असेल, तर तो कोणकोणत्या प्रणालींवर चालतो हे शुल्क घेण्याआधी नियमपत्रकात ठळकपणे छापावे, एवढी माझी विनंती आहे.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर