कडीचा आवाज ऐकूनच परत फिरलेल्या वाहकदादांस

आदरणीय वाहकदादा,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव त्या रात्री विचारायचे राहिले आणि पुढे माझा मोबाईल बिघडला, त्याबरोबर आपला नंबरही गेला. म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे. गेल्या दिवाळीत नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री चिपळूणहून गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी मुक्कामी गाडी घेऊन आलेले वाहक आपण. त्या गाडीतून एकट्या आलेल्या आजींची मी मुलगी.

मी पुण्यात एका रुग्णालयात परिचारिका आहे. आईच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता, पण दिवाळीत घर अंधारात ठेवायचे नाही हा तिचा हट्ट होता. तिला मीच सोडायला जाणार होते. डेंग्यूच्या रुग्णांनी वॉर्ड भरला आणि माझी मंजूर झालेली रजा रद्द झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण रुग्ण सण पाहून आजारी पडत नाहीत. म्हणून सणाचे दुप्पट भाडे मोजून तिला थेट गुहागरपर्यंतच्या खासगी गाडीत बसवले, "आजींना नीट उतरवू" असे एजंटाकडून तीनदा वदवून घेतले, आणि त्याच गाडीने संध्याकाळी तिला चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर पिशव्यांसकट उतरवून दिले. पुढे जायला प्रवासी कमी आहेत, एवढेच तिला सांगण्यात आले. एजंटाचा फोन बंद होता. आईचा मोबाईल तोवर संपला होता. एका रिक्षावाल्याने तिला स्टँडवर आणून सोडले, त्याचेही मी येथे आभार मानते.

रात्रपाळीला उभी राहण्याआधी पाच मिनिटे मला अनोळखी क्रमांकावरून फोन आला. "ताई, आजी आमच्या गाडीत बसल्यात. त्यांच्या बटव्यातल्या चिठ्ठीवर तुमचा नंबर होता. आता काळजी सोडा." एवढे बोलून आपण फोन ठेवलात, कारण मागे प्रवाशांचा गलका चालला होता. आई अभिमानाने सांगते की ती आणि एसटी एकाच वर्षीच्या. 1948 च्या 1 जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हा ती पाळण्यात होती. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. म्हणजे ज्यांनी दुप्पट पैसे घेतले त्यांनी तिला रस्त्यावर सोडले आणि ज्यांना तिच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नव्हता त्यांनी तिला घरी पोहोचवले, ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

परंतु हे पत्र मी गाडीत जागा दिल्याबद्दल लिहीत नाही. थांब्यापासून आमच्या घरापर्यंत जांभ्याची पाखाडी आहे, साठएक पायऱ्यांची, आणि पावसाळ्यातले शेवाळ दिवाळीपर्यंत तिथे टिकून असते. दिवसभराची ड्युटी करून आलेला माणूस थांब्यावरूनच "सांभाळून जा आजी" म्हणाला असता, तरी कोणी त्याला नावे ठेवली नसती. आपण एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात तिची पिशवी घेतलीत, दर पायरीवर आधी उजेड टाकून मग तिला पाय ठेवायला सांगितलेत, कारण एका डोळ्याने तिला खोलीचा अंदाज येत नाही हे आपल्या ध्यानात आले होते. तिने कुलूप काढून दिवा लावला. आपण अंगणातच उभे राहिलात.

आपले दोन फोन मला घेता आले नाहीत. साडेअकरा वाजता मी उलटा फोन केला, तेव्हा आपण गाडीतल्या बाकावर आडवे झाला होतात. आपण म्हणालात, "ताई, आजींनी आतून कडी लावली. आवाज ऐकला आणि मगच फिरलो." मी पँट्रीत उभी होते. वाहकदादा, वीस वर्षे मी रात्रपाळ्या करते आहे, रुग्ण शांत झोपला आहे ना हे दाराशी क्षणभर थांबून श्वासावरून ओळखण्याची मला सवय आहे, आणि माझ्या आईच्या दाराशी माझ्या जागी कोणी तसेच थांबले होते, हे ऐकून मला पुढे बोलता आले नाही. आपणही थोडा वेळ गप्प राहिलात. नंतर सहज बोलण्यात कळले की आपला मुलगा पाच वर्षांचा आहे आणि पहाटे पावणेसहाला गाडी काढायची असल्यामुळे त्याची पहिली अंघोळ याही वर्षी आपल्याविना होणार आहे.

मी ते आईला लगेच कळवू शकले नाही, पण तिला कळवावे लागलेच नाही. आमच्या गावात ही गाडी मी शाळेत असल्यापासून मुक्कामाला येते. मुक्कामी गाडी आली की पाने घ्यायची, हे आमचे घड्याळ होते. त्या गाडीतली दोन माणसे सणाला कुठे अंघोळ करतात, हे मात्र आमच्या वाडीत कोणी कधी विचारले नव्हते, आमच्या घरानेही नाही. त्या पहाटे आईने चारला उठून बंब पेटवला आणि शेजारच्या मुलाला पाठवून आपल्याला व चालकदादांना वर बोलावून घेतले. तुळशीपाशी आपण डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलेत, गुळाचे पोहे उभ्याउभ्याच खाल्लेत आणि वेळेवर गाडी काढलीत, हे सारे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितले. माझ्या वाट्याचे उटणे तिने आपल्याला दिले, याचा मला फार आनंद आहे.

दिवाळीत घरी असलेल्या माणसांना शुभेच्छा देणारे पुष्कळ असतात. माझ्या वॉर्डातल्या मावशी, नाक्यावरचा पोलीस, वायर तुटली म्हणून खांबावर चढलेला वायरमन आणि आपण, या सर्वांना फार तर "आजपण ड्युटी?" एवढेच विचारले जाते. आपल्याला तर तेही कोणी विचारले नसेल, आणि तरीही आपण साठ पायऱ्या चढलात.

यंदाही नरक चतुर्दशीला माझी रात्रपाळी आहे. आईच्या दुसऱ्या डोळ्याचेही ऑपरेशन झाले असून ती आता गावीच आहे. मुक्कामी गाडीवर आपण असाल किंवा दुसरे कोणी असतील, पहाटे चारला बंब पेटलेला असेल, असा तिचा निरोप आहे. आपल्या मुलासाठी तिने कडबोळ्यांचा वेगळा डबा भरून ठेवला आहे. तो तेवढा घेऊन जावा.

आपली कृतज्ञ,
आजींची मुलगी