चार गुणांच्या फरकावरून शिक्षिकेला बोल कशाला?

महोदय,

माझी सून आठवीच्या 'ब' तुकडीला गणित शिकवते. सहामाहीत 'अ' तुकडीची सरासरी 62 आणि तिच्या तुकडीची 58 आली. तेवढ्यावरून पालकसभेत सगळ्यांसमोर तिला कमी लेखलं गेलं. घरी येऊन ती जेवलीही नाही.

मी 31 वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. त्या रात्री दोन्ही गुणपत्रकं घेऊन बसले. प्रत्येक तुकडीत 30 मुलं, गुणांचं प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत, त्याचं माप) दोन्हीकडे सुमारे 15. म्हणजे सरासरींमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी (योगायोगाने तो साधारण किती हलू शकतो, ते) 3.9 च्या आसपास आणि टी-मूल्य, म्हणजे फरक भागिले ही त्रुटी, जेमतेम 1.03. नेहमीच्या 5 टक्के पातळीवर फरक सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता न येण्याइतका, ठरायला ते 2 च्या पुढे जावं लागतं. दोन्हीकडचं शिकवणं अगदी सारखं असतं, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातून तीसेक वेळा दिसला असता!

दोन्ही तुकड्या सारख्याच आहेत, असंही यातून सिद्ध होत नाही, हे मान्य. पण दोष द्यायला हा पुरावा पुरत नाही. शिवाय जूनमध्ये कोणत्या तुकडीत कोणती मुलं घातली, हे कुणी विचारलं का?

ही टी-चाचणी काही नवी नाही. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीत काम करणाऱ्या गॉसेट यांनी ती 1908 मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडली, तीही मोजक्याच नमुन्यांवरून निष्कर्ष काढायची अडचण होती म्हणून. आज ती संगणकावर मिनिटभरात होते. शाळांनी सरासरी फलकावर लावण्याआधी ती करावी, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा