रावणाचं सोंग यंदा संजूकडे

पंचवटी, नाशिक

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधीच सांगून टाकते. यंदा बोहाड्यात, गावच्या मुखवट्यांच्या सोंगांत, रावण संजू नाचवेल. पंचांना कळवून झालंय. मान आपल्या घराचाच. नारळ बाबाच फोडतील, मुखवटाही संजूच्या डोक्याला तेच बांधतील.

बाबा, तुमच्या पायांत जोर नाही असं कोण म्हणतंय? पण लाकडी मुखवटा सगळा मानेवर येतो. गिरकी थांबली तरी बाजूची तोंडं फिरतच राहायला बघतात, मान पिरगळते. डोळ्यांच्या फटीतून पायाखालचं दिसत नाही, त्यात टेंभ्याचा धूर. आणि संबळ चढला की तुम्ही थांबणार थोडेच! बीपीच्या गोळीवर हे नको.

जुना मुखवटा पूजेत राहू दे. संजूला कागदाचा करायला लावा, तुम्ही ओट्यावर बसून नुसतं सांगा. त्याला घाई फार. शाडूच्या साच्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचाच हवा, नाहीतर मुखवटा साच्यावरून सुटत नाही. पुढचे सात-आठ थर खळीचे. दोन-दोन थर झाले की सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवला तर वरून आकसून वाकतो आणि आत ओल राहून बुरशी धरते. मधलं तोंड सोडून एकीकडे चार, दुसरीकडे पाच तोंडं येतात, म्हणून तोल राहायला चारांच्या बाजूची बांबूची कामटी थोडी लांब ठेवायची. हे त्याला कुणीच सांगणार नाही, तुम्हीच सांगा.

आई, खळीत कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद पडेल. ते विष आहे. तुझं दुधाचं पातेलं मुळीच देऊ नकोस, फुटका डबा दे. मोरचूद आणि रंग पेठच्या एसटीने पाठवतेय, सोबत बाबांची कानटोपीसुद्धा. लहानपणी रावण आला की मी तुझ्या पदरात शिरायचे, आणि तू म्हणायचीस, "अगं, पाय बघ, बाबाच आहेत." यंदा ते पाय खुर्चीवर, शालीखाली असू देत.

गणपती-शारदेची सोंगं झाली की बाबांना झोपायला ने. देवी आणि म्हैसासुराचं युद्ध पहाटे असतं, तेव्हा उठव. गोळी जेवणानंतर, चहाबरोबर नाही. आणि बाबा, "एकच फेरी" म्हणून उठायचं नाही. संजूला सांगून ठेवलंय.

तुमची,
बेबी