आधी हात, मग तोंड

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या पेपरात एका वाचकानं लिहिलं होतं की आधी भाषा आली आणि मगच संस्कृती सुरू झाली. मला हे पटलं नाही, म्हणून लिहितोय. आमच्या घरात चपला करायचं काम, आजोबा आणि वडील दोघंही कोल्हापुरी करायचे. मी रापी, म्हणजे कातडं कापायचं हत्यार, धरायला शिकलो ते सुभाषनगरात वडलांच्या शेजारी बसून, नुसतं बघून. कातडं किती ओलं पाहिजे, वादी ओढताना हात कुठं थांबवायचा, हे त्यांनी कधी बोलून सांगितलंच नाही, चुकलं की हातातनं काम काढून घ्यायचे आणि परत करून दाखवायचे, बास. आजही कुणी विचारलं तर मला ते शब्दात सांगता येत नाही, हातात कातडं द्या, करून दाखवतो.

आता केनियात लोमेक्वीला सापडलेली दगडी हत्यारं बघा, ती ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. आणि आपल्या वंशाचा, म्हणजे होमोचा, सगळ्यात जुना जबडा इथिओपियात मिळालाय तो २८ लाख वर्षांचा. म्हणजे आपण 'माणूस' म्हणतो तो यायच्या आधीच कुणीतरी दगडावर दगड मारून धार काढत होतं. एवढं लांब कशाला, जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ मध्ये एका माकडिणीनं रताळी पाण्यात धुवून खायला सुरुवात केली आणि बघून बघून बाकीची माकडंपण धुवायला लागली. एकानं केलं, दुसऱ्यानं उचललं, पुढच्या पिढीत गेलं, हीच की संस्कृती, आणि तिथं एक शब्द नाही.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशातली गोष्ट तर मला लई महत्त्वाची वाटते. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या राजधानीत, मानाग्वात, कर्णबधिर मुलांना एका शाळेत एकत्र आणलं. शिक्षक ओठ वाचून स्पॅनिश शिकवायला बघत होते, ते काय जमलं नाही, पण पोरांनी आपापसात हातवाऱ्यांची स्वतःची भाषा तयार केली आणि मागनं आलेल्या लहान पोरांनी तिला व्याकरण दिलं. तीच पोरं घरी एकेकटी होती तेव्हा चार खुणांवर भागवत होती. जमाव आधी आला, सोबत जगणं आधी आलं, भाषा त्यातनं निघाली.

भाषेला मी कमी लेखत नाही. २०१५ साली दगडी हत्यारं करायला शिकवायचा एक प्रयोग झाला, त्यात नुसतं बघून शिकलेल्यांपेक्षा बोलून शिकवलेल्यांना जास्त चांगलं जमलं. शब्द आल्यावर काम पुढं पळालं, हे खरंच. पण ते पळायला काम आधी हातात होतं की.

म्हणून एक विनंती आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या कारागिरांच्या मुलाखती येतात, आवडीनं वाचतो, पण त्यात सगळं बोलणंच असतं आणि सोबत एक हसऱ्या चेहऱ्याचा फोटो. पुढच्या वेळी त्यांच्या हातांचे फोटो छापा, ओळीनं, आरी कशी धरली, वेणी कुठनं वळवली, अंगठा कुठं दाबला. माझ्या वडलांच्या हातांचा एकही फोटो आमच्याकडं नाही.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर